मोजणाऱ्याची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते ते गणिताचे शिक्षक होते आणि चित्र-संगीताचे रसिकही होते. त्यामुळे आजचा विषय ठरवताना फार शोधाशोध करावी लागली नाही. युरोपीय प्रबोधनाबद्दल बोलायचे म्हटले, की लिओनार्दो, मिकेलअँजेलो आणि राफाएल ही नावे आपोआप ओठांवर येतात. या तिघांपैकी एकही जन्मला नव्हता, त्या काळाबद्दल मी बोलणार आहे. तेव्हा जे काही घडत होते त्याच्या मुळाशी एक साधी सवय होती, मोजण्याची. चित्रकार, गायक आणि दर्यावर्दी या तिघांनी ती कशी वापरली आणि तिची किंमत कोणी मोजली, एवढेच मला मांडायचे आहे.

तारीख घेऊ २५ मार्च १४३६. स्थळ फ्लॉरेन्स. तिथल्या कालगणनेत नवे वर्ष याच दिवशी सुरू होई. रोममध्ये बंड झाल्यामुळे पोप चौथे युजीन यांना १४३४ मध्ये तिथून पळ काढावा लागला होता आणि फ्लॉरेन्समधल्या सान्ता मारिया नोव्हेल्ला या मठात त्यांचा मुक्काम होता. तिथून शहराच्या मुख्य चर्चपर्यंत रस्त्याच्या वर लाकडी मार्ग उभारला गेला, कापडांनी आणि फुलापानांनी सजवला गेला, आणि त्यावरून पोपची मिरवणूक निघाली. १२९६ मध्ये पायाभरणी झालेल्या सान्ता मारिया देल फियोरे या चर्चचे अभिमंत्रण त्या दिवशी होते. म्हणजे पाया घातल्याला तब्बल १४० वर्षे झाली होती.

त्या काळी पोपच्या पदरी कोण कोण होते ते पाहा. गायकवृंदात होता ग्योम द्यु फाय, त्या पिढीतला सर्वश्रेष्ठ रचनाकार. लेखनिकांमध्ये होता लेऑन बात्तिस्ता अल्बेर्ती. चित्रकलेवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ १४३५ मध्ये पुरा झाला होता. सचिवांमध्ये होता पोज्जो ब्राच्चोलिनी. पुढे काही वर्षांनी विजयनगर पाहून आलेल्या एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याची हकीकत त्याने लिहून घेतली. संगीत, चित्र आणि दूरदेशाची खबर या तिन्हींचे जाणकार एकाच खजिन्यातून पगार घेत होते. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

दुकानातले गणित

ही गोष्ट सुरू होते ती मात्र चर्चमध्ये नाही, दुकानाच्या गल्ल्यापाशी. पिसा शहरातल्या लिओनार्दोचे, म्हणजे पुढे ज्याला फिबोनाची म्हणू लागले त्याचे, वडील उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत. तिथे हा मुलगा नऊ अंक आणि शून्य शिकला. १२०२ मध्ये त्याने 'लिबेर अबाची' हा ग्रंथ लिहिला आणि हे अंक भारतीयांचे आहेत हे आरंभीच नोंदवून ठेवले. त्याच सुमारास आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. या दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही. पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त जे त्रैराशिक आहे, तेच अरबी गणितज्ञांच्या हातून भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचले आणि इटलीतल्या व्यापाऱ्यांचे सर्वांत लाडके गणित होऊन बसले.

स्वागत काही लगेच झाले नाही. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी घातली, कारण त्यांत खाडाखोड करणे फार सोपे होते. पण सोय बंदीला जुमानत नाही. १३३८ च्या सुमाराची शहराची माहिती देताना बखरकार जोव्हान्नी विल्लानी सांगतो, की सहा शाळांतून हजार ते बाराशे मुले व्यापारी गणित शिकत होती. दहा-बारा वर्षांच्या पोराला तिथे हुंडणावळ, भागीदारीतली नफ्याची वाटणी आणि त्रैराशिक शिकवले जाई. आणखी एक धडा असे. पिंपात, पोत्यात, गंजीत माल किती मावतो ते नजरेने आणि गणिताने काढण्याचा. पिंपे सगळी सारख्या मापाची नसत, म्हणून हे कौशल्य पोटापाण्याचे होते.

कला-इतिहासकार मायकेल बॅक्सँडल याने १९७२ मध्ये एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. चित्रे काढणारे आणि चित्रांचे पैसे देणारे दोघेही याच शाळांतून बाहेर पडले होते. चित्रातला तंबू, खांब किंवा विहीर पाहताना त्यांची नजर आपोआप घनफळ काढू लागे. पिएरो देल्ला फ्रांचेस्का हा तर थोर चित्रकार, आणि त्याने स्वतः व्यापारी गणितावर पुस्तक लिहिले. नवी चित्रकला समजून घेणारा प्रेक्षक बाजाराने आधीच घडवून ठेवला होता.

घुमट आणि भिंत

आता पुन्हा सान्ता मारिया देल फियोरेकडे. चर्चचे शरीर उभे होते, पण मध्यभागी आकाश उघडे होते. अष्टकोनी खुल्या जागेची रुंदी ७२ ब्राच्चो, म्हणजे सुमारे ४२ मीटर. आधी खालून लाकडी साचा उभारायचा आणि त्यावर कमान रचायची, ही नेहमीची पद्धत. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीला पुरेल असा साचा उभारणे जवळजवळ अशक्य होते. १४१८ मध्ये शहराने स्पर्धा जाहीर केली. सोनारकामात तयार झालेला फिलिप्पो ब्रुनेलेस्की म्हणाला, की साच्याशिवायच बांधतो.

७ ऑगस्ट १४२० रोजी काम सुरू झाले. त्याने एकात एक असे दोन घुमट रचले, आत जाड आणि बाहेर पातळ. दोन्हींच्या मधून जिने वर जातात. काही विटा आडव्या, तर ठरावीक अंतराने काही उभ्या अशी माशाच्या काट्यासारखी नक्षीदार रचना त्याने केली. त्यामुळे चुना ओला असतानाही विटांचा थर आत घसरत नसे आणि प्रत्येक वेढा पुरा होताच स्वतःचा भार स्वतः पेलू लागे. सामान वर चढवायला बैलांनी फिरवायचे यंत्र बनवले. बैलांची दिशा न बदलता त्याचा दोर वर किंवा खाली नेता येई. सोळा वर्षांनी, अभिमंत्रणानंतर काही महिन्यांनी, ऑगस्ट १४३६ मध्ये घुमट मिटला. ब्रुनेलेस्कीचे गणित बरोबर की चूक याचा निकाल दर दिवशी लागत होता. चुकले असते तर विटा खाली आल्या असत्या. मोजमापाला इतकी कडक परीक्षा क्वचितच द्यावी लागते.

याच माणसाने चित्रकारांच्या हाती एक नवे साधन दिले. घुमटाच्या कामाच्याही आधी, चर्चसमोरच्या बाप्तिस्मागृहाचे चित्र त्याने एका फळीवर काढले आणि त्या फळीला भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या पाठीमागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचे. आरसा बाजूला केला, की खरी इमारत दिसायची आणि दोन्ही तंतोतंत जुळायचे. मात्र त्यासाठी ठरलेल्याच जागी उभे राहावे लागे. या प्रयोगाचा गाभा इथे आहे.

सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या भिंतीवर मासाच्चो या तरुणाने १४२७ च्या सुमारास 'पवित्र त्रैक्य' हे भित्तिचित्र काढले. क्रूसावरचा ख्रिस्त, त्याच्या मागे पिता, वर चौकटींचे अर्धगोल छत असलेले दालन, बाहेर गुडघे टेकलेले दाते आणि सर्वांत खाली एक सांगाडा. सपाट भिंतीला भगदाड पाडून पलीकडे खोली काढली आहे असे वाटते. छताच्या सगळ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू आहे क्रूसाच्या पायथ्याशी, म्हणजे चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मासाच्चो १४२८ मध्ये गेला, तेव्हा वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस. पोपचा मुक्काम ज्या मठात होता, त्याच्याच चर्चमध्ये हे चित्र आहे.

अल्बेर्तीने या पद्धतीला नियमांत बसवले आणि १४३६ मध्ये ग्रंथाची इटालियन आवृत्ती ब्रुनेलेस्कीला अर्पण केली. त्याची कृती सोपी आहे. चित्रात माणूस किती उंच काढायचा ते आधी ठरवा. त्या उंचीचे तीन भाग करा. एक भाग म्हणजे एक ब्राच्चो. याच मापाने जमीन आखा आणि सगळ्या रेषा माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरच्या एका बिंदूकडे न्या. माप माणसाच्या देहातून घ्यायचे आणि पाहणारा कुठे उभा आहे ते चित्रातच नमूद करायचे. मध्ययुगीन चित्रात मोठा तो ज्याचे स्थान मोठे. इथे मोठा तो जो जवळ उभा आहे. देवदूतालाही या नियमातून सूट नाही.

उत्तरेकडे, आजच्या बेल्जियममध्ये, यान व्हॅन आइक वेगळ्या वाटेने चालला होता. त्याला रेषांच्या गणितापेक्षा प्रकाशाचे वेड. तेलरंगांचे पातळ थर एकावर एक चढवून त्याने काच, लोकर, पितळ आणि कातडी यांवर उजेड कसा पडतो ते टिपले. १४३२ मध्ये पुऱ्या झालेल्या घेंटच्या वेदीचित्रातले गाणारे देवदूत पाहा. त्यांच्या कपाळाच्या आठ्या आणि ताणलेले ओठ पाहून कोण वरच्या सुरात आहे आणि कोण खालच्या, हे ओळखता येईल असे वाटते. आणि १४३४ मधले ब्रूज शहरातल्या इटालियन व्यापाऱ्याचे नि त्याच्या सोबतच्या स्त्रीचे चित्र पाहा. मागच्या भिंतीवर गोल आरसा आहे, त्यात दारातून आत येणारी दोन माणसे दिसतात, आणि आरशाच्या वर चित्रकाराने आपण तिथे हजर होतो अशी लॅटिन नोंद केली आहे. फ्लॉरेन्सने रेषांनी जे केले ते त्याने आरशाने केले. दोघेही सांगतात, की हे जग अमुक ठिकाणाहून पाहिलेले आहे.

काळाचे माप

चित्रकार जागा मोजत असताना गायक काळ मोजत होते. चर्चमधले जुने एकसुरी गायन शब्दांच्या ओघाने चाले. सूर चढला-उतरला की पुरे, तो किती वेळ धरायचा हे लिहिलेले नसे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनच्या फ्रांकोने चिन्हाच्या आकारावरून सुराची लांबी ठरवणारी लिपी व्यवस्थित मांडली. १३२० च्या आसपास फ्रान्समध्ये फिलिप द व्हित्रीच्या वर्तुळात तिला आणखी धार आली. एका सुराचे तीन भाग करायचे की दोन, हे चिन्हाने सांगता येऊ लागले. युरोपच्या शहरांत यांत्रिक घड्याळे बसू लागली, त्याच शतकातली ही घडामोड.

या लिपीचा कळस म्हणावा असे गीत द्यु फायने २५ मार्चच्या सोहळ्यासाठी रचले. त्याचे नाव 'नूपेर रोझारुम फ्लोरेस'. पोपने चर्चला भेट दिलेल्या सुवर्ण-गुलाबाशी ते नाव जुळते. चार आवाज. वरचे दोन मोकळेपणी फिरणारे. खालचे दोन चर्चच्या अभिमंत्रणाच्या उपासनेतली एक जुनी धून लांबलांब सुरांत धरून ठेवणारे. ही धून चार वेळा येते, पण दर वेळी तिचा वेग बदलतो. चारही वेळच्या लांबीचे प्रमाण ६ : ४ : २ : ३ असे पडते. आपल्याकडे एकच बंदिश विलंबितात मांडून मग तिची दुगुन केली की सांगाडा तोच राहतो आणि काळ आक्रसतो, तसे काहीसे. फरक एवढाच, की इथे लयकारी गायकाच्या त्या क्षणीच्या सुचण्यावर सोडलेली नाही. ती आधीच कागदावर बांधलेली आहे.

हे प्रमाण आले कुठून? १९७३ मध्ये संगीत-अभ्यासक चार्ल्स वॉरन याने ते घुमटाच्या मापांशी जोडले. १९९४ मध्ये क्रेग राइट याने दाखवले, की बायबलमध्ये सॉलोमनच्या मंदिराची मापे ६०, ४०, २० आणि ३० हात अशी दिली आहेत. मला राइटचे म्हणणे जास्त पटते, कारण प्रमाण नेमके तेच आहे आणि चर्चच्या अभिमंत्रणाला सॉलोमनचे मंदिर आठवणे स्वाभाविकच होते. पण दोघांचा वाद ज्यावर उभा आहे ते महत्त्वाचे आहे. त्या काळच्या रचनाकाराला वास्तूची मापे काळात उतरवता येतील असे वाटत होते, आणि ती उतरवण्याचे साधन त्याच्या हाती होते.

आणखी एक बाब सांगतो. त्या काळच्या हस्तलिखितांत चारही आवाज आजच्यासारखे एकाखाली एक लिहिलेले नसत. प्रत्येकाची ओळ स्वतंत्र, पानाच्या वेगळ्या भागात. दुसरा काय गातो आहे ते गायकाला दिसत नसे, फक्त ऐकू येई. चौघे एकत्र राहत ते एका समान मापाच्या आधारावर, आणि ते माप चौघांनाही मान्य असे.

समुद्र

आता किनाऱ्याकडे वळू. तिथली वाट एका ग्रंथातून जाते. १३९७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान मानुएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला आला. त्याच्या शिष्यांपैकी याकोपो आंजेलीने टॉलेमीचा 'भूगोल' लॅटिनमध्ये आणला. दुसऱ्या शतकातला हा ग्रंथ म्हणजे हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि त्यांवरून नकाशा आखायची रीत. त्यात आपले पैठण आहे, तेर आहे, सोपारा आणि चौलही आहे. मात्र हे सगळे सातवाहनांच्या काळातले. फ्लॉरेन्समधल्या वाचकासमोर महाराष्ट्र आला तो तेराशे वर्षांपूर्वीचा.

टॉलेमीची अक्षांश-रेखांशांची जाळी आणि अल्बेर्तीची चित्रातल्या जमिनीवरची जाळी यांचे नाते उघड आहे. १४४० च्या दशकात अल्बेर्तीने रोम शहराचा नकाशा केवळ आकड्यांच्या कोष्टकांतून मांडला. कॅपिटॉल टेकडीला केंद्र मानायचे आणि प्रत्येक ठिकाणाचा कोन व अंतर द्यायचे, म्हणजे कोणालाही, कुठेही तो नकाशा पुन्हा काढता येईल. पण टॉलेमीच्या पुस्तकात चुका होत्या. पृथ्वीचा घेर त्याने कमी धरला होता आणि हिंदी महासागर चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला दाखवला होता. चुका दुरुस्त होण्यासाठी समुद्रावर जाणाऱ्यांची गरज होती.

ते पोर्तुगालमध्ये होते. १४१५ मध्ये पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउता घेतले. राजपुत्र हेन्रीच्या माणसांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे वारंवार फेऱ्या केल्या, आणि १४३४ मध्ये जिल एआनेश बोजादोरच्या भूशिरापलीकडे जाऊन परत आला. खरी अडचण जाण्याची नव्हतीच, परतण्याची होती. तिथले वारे नैर्ऋत्येकडे ढकलतात. त्यावर खलाशांनी तोड काढली. किनारा सोडून उलट खोल समुद्रात शिरायचे आणि उत्तरेकडे चढत जाऊन घराकडे नेणारे पश्चिमेचे वारे गाठायचे. त्रिकोणी शिडांची हलकी काराव्हेल जहाजे त्यासाठी सोयीची ठरली. पुढे ध्रुवताऱ्याची उंची मोजून आपण किती दक्षिणेला आलो ते काढण्याची रीतही रुळली.

कला आणि दर्यावर्दीपणा यांत किती कमी अंतर होते ते पाहा. १४२८ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने पोर्तुगालला एक शिष्टमंडळ पाठवले, त्यात व्हॅन आइक होता. ड्यूकच्या नियोजित वधूचे चित्र काढण्याचे काम त्याच्याकडे होते. ती वधू, राजकन्या इझाबेल, या हेन्रीची सख्खी बहीण.

कोण मोजतो?

आता मी त्या तारखेकडे येतो, जी प्रबोधनाच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही. ८ ऑगस्ट १४४४. पोर्तुगालमधल्या लागुश बंदरात सहा काराव्हेलांमधून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसे उतरवली गेली. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. पाचवा हिस्सा त्याचा, म्हणून जवळपास तेवढी, ४६ माणसे त्याच्या वाट्याला आली. हेन्रीचाच भाट असलेला बखरकार झुरारा लिहून गेला आहे, की वाटे सारखे पडावेत म्हणून बापाला मुलापासून आणि नवऱ्याला बायकोपासून तोडावे लागले, आणि त्या आक्रोशाने बघ्यांचेही डोळे पाणावले.  भागीदारीच्या वाटणीचे जे गणित फ्लॉरेन्सच्या शाळेत पोरे घोकत होती, तेच इथे माणसांवर चालवले गेले.

पोप युजीन यांनी १४३५ मध्ये फ्लॉरेन्समधूनच फर्मान काढून कॅनरी बेटांवरच्या बाप्तिस्मा घेतलेल्या रहिवाशांना गुलाम करण्यास मनाई केली होती. पण त्यांच्यानंतरच्या पोप पाचव्या निकोलस यांनी १४५२ आणि १४५५ च्या फर्मानांतून पोर्तुगालच्या राजाला उलट मोकळीक दिली. बिगरख्रिस्ती लोकांना कायमचे दास करण्याचा अधिकारच त्याला बहाल झाला. १४९४ मध्ये तोर्देसियासच्या तहाने केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर उत्तर-दक्षिण रेघ ओढून स्पेन आणि पोर्तुगाल यांनी नवी भूमी वाटून घेतली. गंमत म्हणजे समुद्रात रेखांश मोजण्याचे साधन तेव्हा कोणाकडेही नव्हते. रेघ कुठे पडते हे ओढणाऱ्यांनाही सांगता आले नसते. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा पोर्तुगीजांकडे गेला. त्याच जहाजांनी पुढे युरोपचे बहुस्वरी गायनही आणले. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून ते मुरले आणि दोन आवाजांत गायल्या जाणाऱ्या कोंकणी मांडोपर्यंत पोहोचले. आपल्या किनाऱ्यावर एकाच गलबतातून तोफ आणि सूर दोन्ही उतरले, हे दोन्ही अर्धांसकट ध्यानात ठेवायला हवे.

तर मग मोजण्याची सवय चांगली की वाईट? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. त्या शतकातले मोजण्याचे निरनिराळे नमुने आपण पाहिले. घुमटाचे माप दर दिवशी विटांनी आणि गुरुत्वाने तपासले जात होते. मासाच्चोच्या चित्रातले माप आपण कुठून पाहतो आहोत हे लपवत नव्हते. द्यु फायच्या गीतातले माप चारही गायकांनी मान्य केलेले होते. याउलट लागुशच्या किनाऱ्यावर आणि तोर्देसियासच्या टेबलावर ज्यांचे मोजमाप झाले, त्यांना विचारणारे कोणी नव्हते. मोजणारा स्वतः रेघेच्या बाहेर उभा राहिला आणि आपली जागा त्याने कागदावर कुठेच दाखवली नाही. अंकगणित दोन्हीकडे तेच होते.

प्रबोधनाचा वारसा म्हणून जगाने अंक घेतले, नकाशे घेतले, घड्याळे घेतली. आज आपलीही मोजदाद अखंड चालू असते. कर्जाच्या पात्रतेत, परीक्षेच्या टक्केवारीत, जमिनीच्या नव्या नकाशांत. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी घालून दिलेली एक शिस्त मात्र आपण तितक्या तत्परतेने उचलली नाही. मोजमाप मांडणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत तेही त्याच चित्रात दाखवले पाहिजे. पुढे कोणी आकडा समोर ठेवला, तर तो बरोबर आहे का, एवढेच विचारून थांबू नका. तो कुठे उभे राहून काढला आणि ज्यांना मोजले ते त्या खोलीत होते का, हेही विचारा. हा प्रश्न विचारण्याचा हक्क पैठण-सोपाऱ्याच्या माणसांनाही तितकाच आहे, कारण ज्या अंकांनी हे सगळे मोजले गेले ते मुळात इथून गेले होते.